टाकीतला जुना पंप

नुमाता, १८ ऑगस्ट १९९६

शुन्पेईस,

उन्हाळा अजून हटायला तयार नाही. पितरांच्या ओबोन सणाच्या सुट्टीत तू येऊन गेलास, तीन दिवस घर भरल्यासारखं वाटलं. तू पोचल्याचा फोन तुझ्या आईनं शेजारी ओकुबोकडे केला आणि त्यानं तो कुंपणावरून ओरडून मला सांगितला. मला फोनवरचं ऐकू येत नाही हे ठाऊक असूनही किनुए फोनच करते. तू मात्र लिहीत जा.

गाडीचं काम तुझ्या सांगण्याप्रमाणे झालं आहे. तरी काही गोष्टी लिहितो, रागावू नकोस. टर्बोचा दाब कारखान्यानं जेवढा ठेवला आहे तेवढाच राहू दे. तुझी गाडी आहे तशीच चांगली पळते. मागची सीट उचलू नकोस, तिच्या खालच्या क्लिपा जुन्या झाल्या आहेत, तुटतील. पेट्रोलचा वास येत नाही ना? येऊ नये. आला तर लगेच कळव.

घरच्या आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोचा डबा गाडीत ठेवला होता. उन्हात राहू देऊ नकोस.

तामेकिचीमामा


नुमाता, १९ ऑगस्ट १९९६
(हे पत्र पाठवलं नाही.)

शुन्पेई,

काल लिहिलं ते खरं नाही. पेट्रोलच्या टाकीतला नवा पंप मी बसवलेला नाही.

तू आणलेला मोठा पंप खोक्यातच आहे. मी सीट उचलली, पत्रा काढला, टाकीच्या झाकणाची कडी समोर आली. ती कडी मी आयुष्यात हजारदा तरी सोडवली असेल. पण एप्रिलमध्ये मला जो अर्धांगाचा झटका येऊन गेला त्यानंतर उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. सकाळी आठला बसलो होतो, जेवायची वेळ झाली तरी कडी हलली नव्हती. ओकुबोला हाक मारली असती तर पाच मिनिटांत झालं असतं. त्याचा टायर पंक्चरचा धंदा. चाळीस वर्षं तो मला विचारायला येतो. मी हाक मारली नाही.

मग तू आत आलास आणि म्हणालास, "मामा, झालं?" आणि मी म्हटलं, "झालं." तू इतक्या खाली वाकून नमस्कार केलास की मला पुढे काही बोलता आलं नाही.

उद्या हे पत्र नीट लिहून काढतो.


कावागोए, ९ सप्टेंबर १९९६

मामा,

पत्र मिळालं. मिसो उन्हात राहिला नाही, पोटात गेला. पेट्रोलचा वास येत नाही, तुमच्या मिसोचा मात्र अजून येतो.

दाब वाढवू नकोस म्हणता, मग पंप कशाला बदलला मामा? पुढचं काम मी इगाराशी-सान यांच्याकडे दिलं आहे. तुमच्याकडेच शिकलेले, आता इथे त्यांचं स्वतःचं गॅरेज आहे. आमच्या गाड्यांच्या क्लबातल्या बाराजणांच्या गाड्या त्यांच्याकडेच असतात. त्यांनी मोठे इंजेक्टर बसवले. म्हणाले, "पंप कुणी बदलला?" मी म्हटलं, "मामांनी." ते हातातला पाना ठेवून चक्क ताठ उभे राहिले. "कुत्सुकाके उस्तादांनी? मग तिकडे बघायचं कारणच नाही."

मी म्हटलं, "मामा आता सत्तरीचे आहेत. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधतात."

"उस्ताद चष्म्याशिवायही माझ्यापेक्षा चांगलं काम करतील. मी एक बोल्ट तिरका लावला होता, तर डोक्यात पाना घातला होता माझ्या."

खरंच घातला होतात? मला तर लहानपणी तुम्ही कधी टपलीसुद्धा मारली नाहीत.

शुन्पेई


नुमाता, २ ऑक्टोबर १९९६

शुन्पेईस,

पाना डोक्यात घातला नव्हता. खांद्यावर मारला होता, आणि तोही हलका. इगाराशीला वाढवून सांगायची सवय पहिल्यापासून आहे. हात मात्र चांगला आहे त्याचा, माझ्याकडे अकरा वर्षं होता.

आता मी लिहितो ते दोनदा वाच. माझं शिक्षण सहावीपर्यंतचं, पण एवढं मला कळतं. टर्बो म्हणजे काय, तर तो इंजिनात हवा कोंबतो. दाब वाढवला की हवा वाढते. हवा वाढली की पेट्रोलही त्याच मापानं वाढायला हवं. मोठे इंजेक्टर लावले म्हणजे नळाचं तोंड मोठं केलं, पण नळाला पाणी टाकीतून पंपच आणतो. आणि पंपाची गंमत अशी की इंजिनातला दाब जितका चढेल तितकं त्याला जोरानं ढकलावं लागतं. म्हणजे पेट्रोल सर्वांत जास्त लागतं नेमकं तेव्हाच तो कमी देतो. थंडीत हवा दाट असते, तेव्हा आणखी जास्त लागतं.

पेट्रोल कमी पडलं तर गाडी बंद पडेल असं तुला वाटेल. तसं होत नाही. उलट घटकाभर ती जास्तच जोमानं पळते. माणसाला वाटतं आज गाडी खुशीत आहे. आत तेव्हा पिस्टन वितळत असतो. दोन-चार सेकंद सांभाळून जातात, पण लांबच्या सरळ रस्त्यावर पाय दाबून ठेवला की संपलं.

म्हणून इगाराशीला सांग, पेट्रोलच्या नळीला दाबाचा मीटर लाव आणि गाडी पळवून काटा बघ. माझ्या नावानं सांग. काटा खाली येत असला तर काम थांबव म्हणावं. कारण विचारू नकोस. म्हातारा भित्रा झाला असं समज.

बोटं दुखतात म्हणून अक्षर असं आलं आहे.

तामेकिचीमामा


कावागोए, १४ नोव्हेंबर १९९६

मामा,

तुमचं अख्खं पत्र मी इगाराशी-सानना वाचून दाखवलं. नळाचं उदाहरण ऐकून ते म्हणाले, "अगदी असंच शिकवायचे. फक्त तेव्हा मधे मधे शिव्या असायच्या."

पण मीटरचं सांगितलं तेव्हा हसले. "उस्ताद माझी परीक्षा घेतायत. त्यांनी स्वतः केलेल्या कामावर मी मीटर लावतो का, ते बघायचंय त्यांना. लावला तर म्हणतील, इगाराशी आता माझं काम तपासायला लागला. नाही बुवा, मला अजून त्यांच्या दारात जायचं असतं."

मी म्हटलं, "अहो, तेच सांगतायत लावा म्हणून."

तर म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं ते. ऑफिसात काम करता तुम्ही."

तेव्हा मीटर काही लावला नाही. छोट्या छोट्या धावा घेऊन, धुरावरून हवा-पेट्रोलचं मिश्रण मोजून गाडी जुळवली, सगळं ठीक आलं. टर्बोचा दाब त्यांनी एकवर ठेवला आहे. गाडीत काट्यांशेजारी एक छोटी चकती लावली आहे, ती फिरवली की दाब चढतो. एकच्या पुढे जानेवारीत जाऊ, तोवर हात लावायचा नाही, असं बजावलंय.

तशीही गाडी बाहेर निघणार नाही. वर्षअखेरीचा हिशोब माझ्याच गळ्यात आहे, एकतीस तारखेपर्यंत ऑफिस. दोन जानेवारीला तुमच्याकडे येतो, मग बसा शेजारी आणि बघा तुमच्या पंपाची करामत.

भित्रे तुम्ही नाही मामा, तुम्ही चेंगट झालात.

शुन्पेई


(नववर्षाचं कार्ड. १८ डिसेंबरला पेटीत टाकलं.)

नववर्षाच्या शुभेच्छा.
गेलं वर्षभर तू माझी काळजी घेतलीस, आभारी आहे.
पंप बसवलेला नाही. टाकीत जुनाच आहे. हाताला जोर नव्हता. दोन तारखेला गाडी घेऊन येऊ नकोस, आगगाडीनं ये. समोर बसून सांगतो.
तामेकिची


कावागोए, ३१ डिसेंबर १९९६

मामा,

आडवा पडून लिहितो आहे. आईचा फोन ओकुबो-सानकडे आला असेलच. घाबरू नका, जीव शाबूत आहे. कंबरेचं हाड आणि डावी मांडी गेली. खुब्यात पट्टी आणि स्क्रू घातलेत. तुमच्या भाषेत म्हणजे जुनं मशीन खोलून परत बसवलंय.

हिशोब तीन दिवस आधीच संपला. आमच्या साहेबांनी जा म्हटलं. वाटलं, दोन तारखेपर्यंत कशाला थांबायचं, तीस तारखेला तुमच्याकडे नववर्षाची मोची, भाताचे गोळे, कुटायला हजर व्हावं. न कळवता येऊन तुम्हाला चकित करणार होतो. एकोणतीसला सकाळी निघालो. द्रुतगती रस्ता मोकळा होता, हवा कोरडी, थंड. तुमचे डोंगर दिसायला लागले होते. मग मागे फट् असा आवाज झाला आणि आरशात सगळं पांढरं. तिसऱ्या पिस्टनला भोक पडलं. ऑइल बाहेर फेकलं गेलं ते मागच्या चाकाखाली. गाडी दोनदा फिरली आणि भिंतीला लागली.

तुमच्या चेल्यानं माझं वाटोळं केलं मामा. क्लबातले सगळे काल येऊन गेले, मी सगळ्यांना सांगितलं. इगाराशी-सानही आले. आईसमोर, चार पेशंटांसमोर जमिनीवर डोकं टेकवून बसले. "माझी चूक" एवढंच म्हणाले. मी त्यांना उठा म्हटलं नाही. क्लबातले एकूण एक जण आपल्या गाड्या त्यांच्याकडून काढून घेणार आहेत.

तुम्ही सांगितलेला मीटर त्यांनी लावला असता तर! तुमचं ऐकायला हवं होतं.

शुन्पेई


नुमाता, ५ जानेवारी १९९७

शुन्पेई,

माझं कार्ड एव्हाना तुझ्या हातात आलं असेल. तुझं पत्र काल आलं. "तुमचं ऐकायला हवं होतं" हे वाक्य मी परत वाचू शकत नाही.

इगाराशीची चूक नाही. पंप मी बसवला नव्हता आणि बसवला म्हणून सांगितलं. ऑगस्टमध्ये खरं सांगणारं पत्र लिहिलं होतं, ते पाठवलं नाही. सोबत जोडलं आहे. वाच किंवा फाड.

पण याहून वाईट एक गोष्ट आहे, ती तुला कुणी दुसरा सांगणार नाही. ते कार्ड मी अठरा डिसेंबरला टाकलं. नववर्षाची कार्डं पोस्टवाले एक जानेवारीपर्यंत ठेवून घेतात आणि त्या सकाळी सगळ्यांना एकदम वाटतात, हे पोरासोरांनाही माहीत असतं. साधं पोस्टकार्ड माझ्या घरात होतं. त्यावर लिहिलं असतं तर एकोणीस तारखेला तुला मिळालं असतं. मी मुद्दाम नववर्षाचं घेतलं. त्यावर जागा कमी असते, जास्त लिहावं लागत नाही. आणि तुला कळेपर्यंत मला आणखी तेरा दिवस मिळत होते. तू एकतीसपर्यंत ऑफिसात आहेस, गाडी बाहेर निघणार नाही, मग घाई काय, असं मनाला समजावलं. तेरा दिवस तुझ्या नजरेत मी पूर्वीचा मामा राहणार होतो. त्या तेरा दिवसांसाठी तुझा पाय गेला.

एक तारखेला दुपारी मी तुला बघायला निघालो होतो. ताकासाकीला गाडी बदलायची असते. तिथे बाकावर बसलो आणि तसाच परत आलो. किनुएला सांग, भाऊ आजारी आहे.

तामेकिची


कावागोए, १६ फेब्रुवारी १९९७

मामा,

तुमच्या पत्राला दीड महिना उत्तर दिलं नाही. पहिले काही दिवस काय लिहायचं ते सुचत नव्हतं, कारण जे सुचत होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं. कार्ड आईनं तीन तारखेला घरच्या गठ्ठ्यातून आणून दिलं. वाचून तिच्याकडे परत दिलं. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

नंतरच्या दिवसांत नुसतं छताकडे बघत होतो. तेव्हा जे आठवत गेलं ते तुम्हाला लिहायलाच हवं, कारण तुम्ही सगळं एकट्यावर घेऊन बसला असाल.

चकती मी फिरवली होती. एकवरून एक पूर्णांक तीनवर. द्रुतगती रस्त्यावर चढल्या चढल्या. वाटलं, मामांचा पंप आहे, काय होतंय. मी हे डॉक्टरांना, आईला, क्लबाला, कुणालाच सांगितलं नाही. इगाराशी-सान माझ्या पलंगाशी डोकं टेकून बसले होते तेव्हाही मला ते ठाऊक होतं.

गेल्या आठवड्यात त्यांना निरोप पाठवला. आले. तुमचं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं, चकतीचंही सांगितलं. त्यांनी कार्ड वाचलंसुद्धा नाही, उलटं करून ठेवलं.

"मला माहीत आहे," म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"दोन्ही. गाडी माझ्याकडे ओढून आणली तेव्हा चकती एक-तीनवर होती. आणि तीस तारखेला सकाळी टाकी उघडली मी. तुमच्याकडे यायच्या आधी."

मी म्हटलं, "मग माझ्या शिव्या ऐकून का घेतल्यात? आईसमोर? सगळ्यांसमोर?"

"तुम्ही पडलेले होतात. आणि उस्तादांचं नाव काढायचं म्हणजे..." ते उठले. जाताना आईला म्हणाले, कमोडची सीट उंच करून घ्या, बरं पडेल.

मामा, त्यांचं गॅरेज जानेवारीअखेर बंद झालं. मी क्लबाला खरं कळवलंय, चकतीसकट. दोघातिघांनी माझ्याशी बोलणं सोडलं, ते बरोबरच आहे.

डावा पाय थोडा आखूड राहणार. तुमच्यावरचा राग गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोटं आता पुरे. थोडे दिवस जाऊ देत.

शुन्पेई


नुमाता, २० फेब्रुवारी १९९७

इगाराशी-सान,

आयुष्यात तुला मानाचं 'सान' कधी म्हटलं नाही. आज त्याशिवाय हात पुढे जात नाही.

शुन्पेईनं सगळं लिहिलं. मी तुझ्याकडे क्षमा मागत नाही, ती मागायची तरी कुठल्या तोंडानं. शुन्पेईच्या क्लबाच्या परिपत्रकाला मी पत्र पाठवलं आहे, माझ्या नावानं, छापा म्हणून. पंपाचं, हाताचं, कार्डाचं, सगळं लिहिलं आहे. ओकुबोला बोलावून त्याच्यासमोर मोठ्यानं वाचलं, म्हणजे नंतर मला बदलता येऊ नये. तो म्हणाला, "पाच मिनिटांचं काम होतं रे!" आणि रडायला लागला. मी नाही रडलो.

माझं गॅरेज तसंच आहे. लिफ्ट चालू आहे, हत्यारं पुसून ठेवलेली आहेत. ये आणि ते घे. भाडं नको, काही नको. पाटी तुझ्या नावाची लाव. मी दारातही येणार नाही. तुझं नाव माझ्यामुळे गेलं ते परत मिळवायला एवढंच माझ्याजवळ आहे.

कळव. वाट बघतो. खूप वाट बघतो.

कुत्सुकाके तामेकिची


चिचिबू, १५ मार्च १९९७

कुत्सुकाके उस्तादांना,

इकडे प्लमला फुलं आली आहेत. तुमच्याकडे अजून बर्फ असेल. हातावर ऊन घेत जा, अशा दुखण्याला बरं असतं.

परिपत्रकात तुमचं पत्र छापून आलं. चारजणांचे फोन आले, परत सुरू करा म्हणून. मी नाही म्हटलं. तुमच्या गॅरेजलाही नाही म्हणतो आहे, माफ करा. मी इथे बस डेपोत लागलो आहे. गाड्या हळू चालतात आणि कुणालाही त्या जास्त जोरात पळवायच्या नसतात. बायको खूश आहे.

मी गप्प राहिलो ते तुमच्यावर उपकार केले असं तुम्ही समजता, म्हणून हे लिहितो. तीस तारखेला टाकीवरचा पत्रा काढला तेव्हा पंप दिसायच्या आधी ती कडी दिसली. तिच्या चारी बाजूंनी स्क्रूड्रायव्हर घसरल्याचे ओरखडे होते. एक नव्हे, शंभर असतील. मी तुमच्याकडे अकरा वर्षं काढली. तुमच्या हातचा एक ओरखडा कधी कुठल्या गाडीवर पाहिला नव्हता. मी तिथेच मांडी घालून बसलो. ते दुसऱ्या कुणी बघू नये असं वाटलं, म्हणून पत्रा परत लावला. राग नंतर आला, आणि खूप आला, तोही सांगून टाकतो.

पण राग तुमच्यावर संपत नाही, तो फिरून माझ्याकडे येतो. मीटर माझ्या भिंतीवर खिळ्याला लटकलेला होता. ऑक्टोबरात तुम्ही स्वतः निरोप पाठवलात, लाव म्हणून. नळीला लावायला दहा मिनिटं लागतात. मी त्याला तुमचा मान राखणं असं नाव दिलं आणि हात लावला नाही. काटा खाली येताना दिसला असता, तर मी तुम्हाला फोन केला असता, तुम्हाला ऐकू आलं नसतं, मी ओरडलो असतो, तुम्ही चिडला असता, आणि आपण दोघं वर्षभर एकमेकांशी बोललो नसतो.

आणि शुन्पेई-सान तीस तारखेला तुमच्या अंगणात मोची कुटत असते.

इगाराशी